जुनी कुलुपे आणि जुन्या तिजोऱ्या

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस येथे बोलण्यास पाचारण केले, तेव्हा विषय कोणता घ्यावा, हा पहिला प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. ह्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, आरोग्य, काटकसर आदी विषयांवर जाणत्या वक्त्यांची व्याख्याने झाली आहेत. आमचा तसा अधिकार नाही. परंतु गेली पन्नासांहून अधिक वर्षे जुनी कुलुपे, किल्ल्या आणि तिजोऱ्या जमविण्याचा व त्यांची रचना समजून घेण्याचा छंद आम्हांस जडलेला आहे. घरची मंडळी ह्या संग्रहास 'भंगार' म्हणतात. पाहुणे आले की पहिली पाच मिनिटे कौतुकाने पाहतात आणि नंतर चहाकडे वळतात. आपण आज चहा होण्यापूर्वीच बसलेले आहात, ह्याचा फायदा घेऊन आम्ही हा विषय निवडला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल' ह्या शब्दाचा अक्षरांची उलटापालट होऊन आपल्याकडे रुळलेला अवतार होय. 'टाळे' ह्याचे मूळ संस्कृत 'तालक' ह्या शब्दात सापडते. 'किल्ली'चे नाते 'कील' म्हणजे खुंटी ह्या शब्दाशी आहे, आणि 'चावी' तर पोर्तुगीजांच्या 'शावी' ह्या शब्दावरून आली. एवढ्याशा वस्तूसाठी आपल्या मराठीने इतक्या दिशांकडून शब्द घेतले. ज्या वस्तूची प्रत्येकास गरज असते, तिचे नाव प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडी असते, एवढाच ह्याचा अर्थ.

आता हा छंद आम्हांस कसा लागला, ते सांगितले पाहिजे. गोष्ट आमच्या घरची आहे आणि ती सांगताना आजही संकोच वाटतो. पण न सांगता पुढे गेलो, तर व्याख्यान अप्रामाणिक होईल.

आम्ही बारा वर्षांचे असताना आमची आजी वारली. तिची एक शिसवी पेटी होती आणि त्या पेटीला पितळेचे एक जाडजूड कुलूप होते. त्याच्या दर्शनी बाजूवर उठावाची पाच फुले होती. किल्ली आजीच्या कमरेला असे. तेराव्यानंतर घरातील मोठी माणसे पेटीभोवती बसली. किल्ली घातली, ती फिरली, पण कुलूप उघडेना. पुन्हा फिरविली, तेल सोडले, तरी उघडेना. मग कुजबुज सुरू झाली. आमची आत्या विधवा होऊन माहेरी राहिलेली होती आणि आजीच्या दुखण्यात तिची सेवा तिनेच केली होती. कुलूप बदलले गेले असावे, असे कोणीतरी म्हणाले. कोणी बदलले, हे कोणी म्हणाले नाही. पण सर्वांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या.

"ते कुलूप एका किल्लीने उघडत नाही," एवढेच आत्या म्हणाली आणि उठून देवघराकडे गेली. तिचे बोलणे कोणी मनावर घेतले नाही. थोरल्या काकांनी छिन्नी आणि हातोडा मागितला. तो आणून दिला आम्हीच. तिसऱ्या घावास कुलूप फुटले. पेटीत चार लुगडी, एक चांदीची अत्तरदाणी आणि सोनाराच्या पावत्यांची एक पुरचुंडी निघाली. पावत्या आजीने वेळोवेळी मोडलेल्या दागिन्यांच्या होत्या. त्यांवरील साले वडिलांच्या आणि काकांच्या शिक्षणाची होती. आत्या देवघरातून परत आली, तेव्हा तिच्या हातात देव्हाऱ्यातील घंटेच्या दोरीला बांधलेली एक लहानशी किल्ली होती. ती किल्ली आम्ही रोज पाहत होतो. पण ती घंटेचाच भाग असावा, अशी सर्वांची समजूत होती.

त्या वर्षीच आत्या सासरच्या एका पुतण्याकडे राहावयास गेली आणि पुन्हा आमच्या घरी राहावयास आली नाही. पुढे वीस वर्षांनी आम्ही तिला भेटावयास गेलो, तेव्हा तिने ती लहान किल्ली आमच्या हातावर ठेवली. आमच्या संग्रहाच्या नोंदवहीत पहिली नोंद त्या किल्लीची आहे. तिचे कुलूप मात्र आमच्याजवळ नाही.

त्या कुलपाची रचना कशी असावी, हे पुढे अशीच अन्य कुलुपे पाहिल्यावर आमच्या ध्यानात आले. फुलांपैकी एक फूल बाजूला सरकत असे आणि त्याखाली दुसरे छिद्र दडलेले असे. पहिल्या किल्लीने अर्धे काम होई, दुसरीने उरलेले. आपल्या देशातील जुन्या कारागिरांनी अशी कोड्याची कुलुपे पुष्कळ घडविली. काही मासा, हत्ती वा विंचू ह्यांच्या आकाराची, काहींना तीन-चार किल्ल्या, काहींची किल्ली मळसूत्रासारखी पिळाची. ह्यांपैकी बहुतेकांच्या पोटातील युक्ती मात्र साधी असते. कडीच्या दांड्याला पोलादाच्या चपट्या पट्ट्या जोडलेल्या असतात. दांडा आत दाबला की त्या पट्ट्या आत जाऊन फाकतात आणि बाहेर येत नाहीत. किल्लीचे काम एवढेच की, त्या फाकलेल्या पट्ट्या पुन्हा दाबून एकत्र आणावयाच्या. म्हणजे दांडा मागे सरकतो. छत्री उघडल्यावर तिच्या दांड्यावरील कळ जशी वर येते आणि दाबल्यावाचून छत्री मिटत नाही, तसाच हा प्रकार.

ह्याहूनही प्राचीन युक्ती लाकडाची आहे. इजिप्तमध्ये आणि पश्चिम आशियात दाराच्या लाकडी अडसरास वरून भोके पाडीत. चौकटीवरच्या ठोकळ्यातील सुट्या खुंट्या त्या भोकांत आपल्या वजनाने पडत आणि अडसर अडकून बसे. किल्ली म्हणजे दात बसविलेली लाकडाची एक पट्टी. ती आत घालून वर उचलली की सर्व खुंट्या एकाच वेळी वर जात आणि अडसर ओढता येई. हे सांगावयाचे कारण असे की, अमेरिकेतील लायनस येल ह्या धाकट्या येलने १८६१ आणि १८६५ साली ज्या कुलपाची पेटंटे घेतली, त्याचे तत्त्व हेच होते. लाकडी खुंट्यांच्या जागी त्याने पितळेच्या बारीक खिळ्या घातल्या, त्यांवर स्प्रिंगा बसविल्या आणि किल्ली चपटी व दातेरी केली. आज आपल्या बहुतेकांच्या सदनिकेच्या दारास जे कुलूप आहे, ते ह्याच वंशातील. म्हणजे आपण रोज खिशात घालून फिरतो, ती विद्या हजारो वर्षांची जुनी आहे.

रोमन लोक धातूची कुलुपे करीत आणि त्यांच्या काही किल्ल्या अंगठीसारख्या बोटात घालावयाच्या असत. त्यांच्या वस्त्रास खिसा नसे. आपल्या आज्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला का लावीत, ह्याचे उत्तरही तेच आहे. तो जुडगा घराचा कारभार कोणाच्या हाती आहे, हेही न बोलता सांगत असे.

आता कुलपांच्या इतिहासातील सर्वांत रंजक प्रकरणाकडे येऊ. मध्ययुगातील युरोपात कुलपे दिसावयास भव्य असत, पण त्यांची सुरक्षितता आतील आडव्या पट्ट्यांवर अवलंबून असे. किल्लीच्या पात्यास त्या पट्ट्यांना अनुरूप खाचा असल्या म्हणजे ती फिरे. एखाद्या चोराने पाते कापून बारीक केले, की खाचांचा प्रश्नच उरत नसे. ह्यावर १७७८ साली रॉबर्ट बॅरन ह्याने तोड काढली. त्याच्या कुलपातील तरफा नेमक्या उंचीवर उचलाव्या लागत. कमी उचलल्या तरी अडे आणि जास्त उचलल्या तरी अडे. पाठोपाठ १७८४ साली जोसेफ ब्रामाने आपले नळीच्या किल्लीचे कुलूप काढले. त्याचे एक कुलूप पुढे लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरील दुकानाच्या काचेत मांडले गेले आणि जो ते उघडील, त्यास २०० गिनी बक्षीस जाहीर झाले.

इकडे १८१७ साली पोर्ट्समथच्या गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली, तेव्हा सरकारने निर्धोक कुलपासाठी १०० पौंडांचे बक्षीस लावले. ते १८१८ साली जेरेमाया चबने मिळविले. त्याच्या कुलपाचा विशेष असा की, परकी किल्ली घालून कोणी तरफ प्रमाणाबाहेर उचलली, तर एक कळ अडकून कुलूप बंद पडे आणि मालकाने खरी किल्ली लावताच त्यास कळून येई की, आपल्या मागे कोणीतरी हात घातला होता. गोदीतील कैद्यांच्या जहाजावर एक कैदी मूळचा कुलुपे करणारा होता. कुलूप उघडल्यास शिक्षा माफ, असे त्यास सांगण्यात आले. दोन-तीन महिने खटपट करून त्याने हात टेकले.

अशा रीतीने इंग्लंडात समजूत झाली की, आपली कुलुपे अभेद्य आहेत. १८५१ साली लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले, त्यास आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा अमेरिकन कारागीर आला होता. त्याने साक्षीदारांसमक्ष चबचे कुलूप २५ मिनिटांत उघडले. गंमत अशी की, चोराची चुगली करणारी जी कळ होती, तिच्यावरूनच कोणती तरफ कितपत उचलावयाची, हे त्याने ताडले. नंतर त्याने ब्रामाच्या काचेतील कुलपास हात घातला. त्यास १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. परंतु साठ वर्षे कोणासही न उघडलेले ते कुलूप उघडले आणि २०० गिनी त्यास द्याव्या लागल्या. ते कुलूप आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

तेव्हा मोठा गहजब झाला. ह्या युक्त्या चव्हाट्यावर आणल्याने चोरांचे फावेल, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. हॉब्जचे उत्तर असे होते की, चोरांना ह्या गोष्टी अगोदरच ठाऊक असतात. ठाऊक नसतात त्या सज्जनांना. आणि घडले ते त्याच्या म्हणण्याप्रमाणे. कारखानदारांनी आपल्या कुलपांतील दोष दुरुस्त केले आणि कुलुपे पूर्वीपेक्षा चांगली होऊ लागली. जे लपवून ठेवले होते, ते मजबूत आहे असे केवळ वाटत होते; जे चारचौघांत तपासले गेले, तेच खरोखर मजबूत झाले.

तिजोऱ्यांचा इतिहास ह्याहून थोडक्यात सांगतो. पूर्वी आपल्याकडे बळद, पेव, भिंतीतील कोनाडा आणि जमिनीतील हंडा ह्या तिजोऱ्याच होत्या. लोखंडी तिजोरीपुढे दोन शत्रू असतात, चोर आणि अग्नी. चोरासाठी पत्रा जाड करावा, तर अग्नीने तो तापतो आणि आतील कागद कोळसा होतात. ह्यावर १८४० च्या सुमारास लिव्हरपूलच्या मिलनर कारखान्याने दुहेरी भिंतीत तुरटीसारखे पाणी धरणारे क्षार भरण्याची युक्ती वापरली. आग लागली की त्या क्षारांतील पाण्याची वाफ होते, उष्णता त्यात खर्च होते आणि आतील दस्तऐवज वाचतात. मिलनर वा चब ह्यांच्या नावाची पितळी पट्टी असलेली तिजोरी आपल्यापैकी कोणाच्या जुन्या घरात असेल, तर ती जपावी, अशी आमची विनंती आहे.

आपल्या मुंबईचे नाव ह्या इतिहासात अर्देशर गोदरेज ह्यांनी नेले. ते मूळचे वकील. खोट्याचे खरे करणे पटेना, म्हणून त्यांनी वकिली सोडली. प्रथम शस्त्रक्रियेची हत्यारे करून पाहिली. परंतु त्यांवर ती ह्या देशात तयार झाली असे कोरू देण्यास ग्राहक राजी होईना, तेव्हा तोही धंदा त्यांनी सोडला. पुढे १८९७ साली लालबागेत एका लहानशा जागेत त्यांनी कुलुपांचा कारखाना काढला आणि काही वर्षांनी तिजोऱ्या करावयास घेतल्या. १९५१-५२ साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा विक्रोळीच्या त्यांच्या कारखान्याने मतपेट्या लाखांच्या संख्येने पुरविल्या. सोन्यानाण्यासाठी शिकलेली विद्या मतांच्या रक्षणास उपयोगी पडली.

परंतु ह्या सर्व अभ्यासातून एक गोष्ट आम्हांस वारंवार दिसून आली. कुलूप क्वचितच हरते. हरतो तो बहुधा मनुष्य. फ्रान्सचा राजा सोळावा लुई ह्यास स्वतः कुलुपे करण्याचा छंद होता. त्याने राजवाड्याच्या भिंतीत गुप्त कागदपत्रांसाठी एक लोखंडी कपाट बसविले. ते बसविण्यास ज्या गामें नावाच्या कारागिराचे साहाय्य घेतले, ज्याच्याजवळ राजा ही कला शिकला होता, त्यानेच १७९२ च्या नोव्हेंबरात त्याचा ठावठिकाणा क्रांतिकारकांस सांगितला. कपाटातील कागद राजाविरुद्धच्या खटल्यात पुढे आले. अमेरिकेत दरोडेखोर बँकेच्या तिजोरीस हात लावण्याऐवजी रात्री खजिनदारास घरीच गाठून किल्ली वा अंक वदवून घेऊ लागले, तेव्हा जेम्स सार्जंट ह्याने १८७३ साली घड्याळाचे कुलूप काढले. ठरलेली वेळ होईपर्यंत ते खुद्द खजिनदारासही उघडत नसे.

मनुष्याच्या दुर्बलतेवर आणखी एक जुना उपाय आहे, आणि तो कोणा एका कारागिराचा नाही. इंग्लंडातील जुन्या चर्चमधील पेट्यांना तीन कुलुपे असत व तीन किल्ल्या तिघांजवळ असत. बँकेतील लॉकर एक किल्ली आपली आणि एक बँकेची लागल्यावाचून उघडत नाही. अनेक जुन्या संस्थांत फंडाच्या पेटीची हीच पद्धत होती. ह्यात कोणावर अविश्वास नाही. पेटी उघडताना सर्व संबंधित हजर असावेत आणि मागाहून कोणास कोणावर बोट ठेवण्याचा प्रसंग येऊ नये, एवढाच हेतू.

हे कळले, तेव्हा आजीची पेटी आम्हांस पुन्हा आठवली. तिने दोन किल्ल्यांचे कुलूप चोरासाठी घेतले नव्हते. चोरास ती पेटी उचलून नेणे सोपे होते. एक किल्ली मुलांच्या हाती लागेल आणि दुसरीचा ठाव मुलीस ठाऊक असेल, म्हणजे पेटी उघडावयाची झाल्यास भावांना बहिणीस बोलावावे लागेल, अशी तिची योजना होती. त्या योजनेवर पडलेला हातोडा आणून देणारे हात हे आमचे होते. म्हणून आम्ही कुलुपे जमवितो.

आता ज्यांना ह्या छंदाची आवड वाटेल, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. ह्यास द्रव्य फारसे लागत नाही, चिकाटी लागते. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर ह्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि 'अज्ञातवासी' ह्या नावाने ते कविता करीत. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दारे, भांडी आणि कुलुपेही जमविली. हा सर्व संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनास अर्पण केला. लहान वयात गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी त्यास दिले. ते संग्रहालय मुलाबाळांसह अवश्य पाहावे. घरातील रोजची वस्तूही इतिहास सांगते, हे तेथे शिकावयास मिळते.

जुने कुलूप हाती आले की त्यास कागदी काच लावून चकचकीत करू नये. वरचा काळसर रंग हे त्याचे वय आहे. मऊ फडके आणि थोडे पातळ तेल पुरे. किल्ली फिरत नसेल, तर जोर करू नये. तेल सोडून एक दिवस थांबावे. किल्ली नसेल, तर जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावी, आणि तो काम करीत असताना शेजारी बसावे. आम्हांस जे काही येते, ते पुस्तकांइतकेच अशा कारागिरांजवळ बसून आले आहे. दुसऱ्याच्या कुलपास त्याच्या अनुमतीवाचून हात लावू नये. ह्या विद्येची ती पहिली अट आहे. जुन्या तिजोरीजवळ लहान मुलांस एकटे सोडू नये. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकतात आणि त्या खाजगी रीतीने परदेशी पाठविता येत नाहीत, हेही ध्यानात असावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंद. कुलूप कोणत्या दाराचे, कोणाच्या घरचे, किल्ली कोणाजवळ असे, हे लिहून ठेवावे. नोंदीवाचून कुलूप म्हणजे पितळेचा तुकडा. वजनावर विकला जाणारा.

आपल्यापैकी अनेकांच्या गावाकडील वाडे आता पडत आहेत, वाटण्या होत आहेत, माळे रिकामे होत आहेत. हल्ली तिजोरी बोटाच्या ठशाने उघडते आणि पैसा अंकांच्या आधाराने हलतो, तेव्हा जुने लोखंड कोणास हवे, असे तरुणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीस एकवार विचारावे की, हे कुलूप कसे उघडते. तिला बहुधा ठाऊक असते. आमच्या घरी ती सांगत होती; आम्हीच ऐकले नाही.

आमच्या संग्रहातील पहिल्या किल्लीचे कुलूप आता कधीही मिळणार नाही. आपल्या घरी अशी एखादी किल्ली आणि तिचे कुलूप अद्याप एकत्र असतील, तर ती तशीच राहोत, एवढीच इच्छा.